परत पाठवलेला मासा

सेतो वस्तादांनी नाकावर कधी माशी बसू दिली नाही. आमच्या चायनाटाऊनमधल्या एकाच हॉटेलात त्यांनी बत्तीस वर्षं वाफेवरचा मासा केला आणि तेवढीच वर्षं मी, होई नावाचा वेटर, तो टेबलावर नेऊन ठेवला. सगळ्या सॅन फ्रान्सिस्कोत असा मासा कुणाला जमत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणायला विसरले तर वस्ताद स्वतः म्हणायचे.

चेले पुष्कळ आले नि पळाले. टिकली एकटी पुई. पळीचे फटके खाऊन टिकली. "मांस काट्याला जरा धरून राहिलं पाहिजे, आत किंचित गुलाबी," वस्ताद तिच्यावर ओरडायचे. "आपसूक सुटलं तर मासा दुसऱ्यांदा मेला समज!"

ते हॉटेल बंद पडलं. सात वर्षांनी पुईने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं काढलं, नव्या तऱ्हेचं. आपलं कॅन्टनचं आणि इथलं अमेरिकन, एकाच ताटात. मुळ्याच्या वड्यांवर मेपलचा पाक, भाजलेल्या डुकराबरोबर मक्याचा पाव. गोऱ्यांची पोरं बाहेर रांगा लावायची. पण आमच्या गल्लीतले म्हातारे तिला एकच विचारायचे, "वस्तादांनी खाल्लं का गं तुझ्याकडे?" आणि वस्ताद काही तिकडे फिरकत नव्हते.

"मुळ्यावर पाक? मी मेल्यावर कर म्हणावं."

"वस्ताद, एकदा या," पुई दर रविवारी संत्री घेऊन त्यांच्या घरी यायची. "चांगलं म्हणा, वाईट म्हणा, पण काहीतरी म्हणा."

सहाव्या महिन्यात मीच त्यांना ओढून नेलं. वस्तादांनी कोट घातला होता. बसल्या बसल्या त्यांनी आमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे कप-वाट्या चहाने विसळल्या, तशी शेजारच्या टेबलावरची पोरगी बघायला लागली. पाकातला मुळा त्यांनी खाल्ला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच. मग मासा आला, पुईने स्वतः आणला. डोकं मानाने वस्तादांकडे, वर आलं नि कांद्याची पात, आणि उकळत्या तेलाऐवजी तांबूस कढवलेलं लोणी. मी एक घास घेतला आणि मला आमचं जुनं हॉटेल आठवलं, अगदी पहिल्या वर्षांतलं.

वस्तादांनी जेवायच्या काड्यांनी मांस उचललं. ते काट्याला चिकटून राहिलं. त्यांनी काड्या खाली ठेवल्या.

"कच्चा आहे," ते म्हणाले. मोठ्याने, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. "हेच शिकवलं का मी तुला? ने परत."

पुईचा चेहरा उतरला. तिचे आचारी दारातून डोकावत होते, सगळं हॉटेल बघत होतं. "चुकलं, वस्ताद," एवढंच म्हणून तिने ताट उचललं.

मला तिथंच बोलता आलं असतं. पुई शिकून गेल्यावर आमच्या जुन्या हॉटेलात गोरी गिऱ्हाईकं मासा परत पाठवायची, गुलाबी दिसतो म्हणून. ती ताटं मीच आत न्यायचो. वस्ताद आधी शिव्या द्यायचे, मग नुसते पुटपुटायचे, मग सगळेच मासे चार मिनिटं जास्त ठेवायला लागले. आपली माणसं उपनगरांत राहायला गेली होती, तसा मासा खाणार कोण? हात त्याला सरावला, डोळाही सरावला. हे मला ठाऊक होतं. पण वेटरने स्वयंपाकी नि गिऱ्हाईक यांच्या मधे पडायचं नसतं, असं म्हणत मी मूग गिळून बसलो.

मासा पुन्हा आला. वस्तादांनी काडी लावली आणि मांस आपसूक सुटून पडलं. त्यांनी तोंडात घातलं. चावता चावता ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मी किटलीकडे.

"आता बरोबर, वस्ताद?" पुईने विचारलं.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "आता बरोबर," ते म्हणाले, आणि तो कापसासारखा मासा शेपटीपर्यंत संपवला.

तीन आठवड्यांनी पुई मला भाजीबाजारात भेटली. "काका, आता सगळ्यांचाच मासा चार मिनिटं जास्त ठेवते. लोक अर्धा टाकून उठतात. पण वस्ताद बोलले म्हणजे माझंच चुकत असणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच बागेत गेलो. वस्ताद बाकावर बसून दुसऱ्यांचा बुद्धिबळाचा डाव बघत होते. मी सांगितलं. ते उठले आणि सपाता घालूनच चालायला लागले.

हॉटेल अजून उघडायचं होतं, आचारी पात चिरत होते. वस्तादांनी किटली मागितली. आमच्यात ज्याचं चुकलं तो चहा ओततो आणि दोन्ही हातांनी पुढे धरून उभा राहतो. धाकटा थोरल्यापुढे. उलटं झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. वस्तादांनी चहा ओतून कप पुईपुढे धरला.

"पहिला मासा बरोबर होता," वस्ताद म्हणाले. "मला दुसरा तोंडात घातल्यावर कळलं. सगळ्यांदेखत तुला बोललो होतो, म्हणून खोटं बोललो. घे."

"वस्ताद, असं नका करू, मला पाप लागेल!"

"घे गं, चहा निवतोय."

तिने घाईघाईने कप घेतला नि रडत रडत एका दमात प्यायली. आचाऱ्यांनी माना खाली घातल्या. मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली.

"आणि काका, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच घासाला," मी म्हणालो.

वस्तादांनी किटली माझ्याकडे सरकवली. मी चहा ओतला, कप दोन्ही हातांत धरला. पुईने तो लगेच घेतला नाही. मी तसाच उभा राहिलो.