कॅम्पातल्या रिंकमधली गाठ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून भांडी घासायला जाणारी बाई. असल्या बाता मला मुळीच खपत नाहीत. तरी हे लिहितेय, कारण… लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही वडगावचे विणकर. लढाईच्या दिवसांत सूत मिळेना, माग बंद पडले. म्हणून माझा थोरला भाऊ, अण्णा, बेळगावच्या कॅम्पात रिंकवर झाडलोटीला लागला. रिंक म्हणजे पत्र्याचा भलामोठा बंदिस्त हॉल, खाली गुळगुळीत लाकडी फळ्या. गोरे सोल्जर बुटांना चाकं बांधून तिथं हॉकी खेळायचे. त्यांच्या देशात हेच बर्फावर खेळतात म्हणे! आणि गाण्याचा जलसा असला की त्याच फळ्यांवर जाजमं पडायची.

दुपारी रिंकला कुलूप असे. तरी संध्याकाळी उघडलं की फळ्यांवर चाकांचे ताजे ओरखडे! रिंकच्या साहेबाचा संशय अण्णावर — हाच कुणाला तरी आत सोडतो. "और एक बार हुआ, तो जेल!" हिंडलग्याच्या तुरुंगाच्या नुसत्या विचारानं वहिनीनं जेवण टाकलं. माझा संशय तिथल्या खानसाम्यावर. आणि खरं सांगू? थोडा अण्णावरही. चाकं बांधून घसरायची हौस त्यालाच नसेल कशावरून?

मग मीच डोकं चालवलं. जलशाच्या दिवशी सकाळी काळ्या सुताचा लांब धागा नेला. सगळा बोटांतून ओढून पाहिला, कुठं गाठ नाही, एकसलग. घोट्याएवढ्या उंचीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधला. आत कुणी फिरलं की तो तुटणारच. साहेबानं स्वतः कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मी नि अण्णा बाहेर पायरीवर बसलो.

"शांते, तू जा गं घरला."

"न्हाय. तुझ्यावर नजर कोण ठेवणार?"

तो हसला. मी हसले नाही.

भर दुपारी आतून आवाज आला. घर्रर्र… घर्रर्र… चाकांचा! शेजारीच बसलेल्या अण्णानं माझा हात घट्ट धरला. त्याच क्षणी माझा त्याच्यावरचा संशय गेला. आम्ही दोघंही ओरडलो, तसा साहेब धावत आला.

कुलूप उघडलं. आत चिटपाखरू नाही. धागा ताठ, शाबूत!

"बघा साहेब!" मी ओरडलेच.

साहेब वाकला. धाग्याच्या मधोमध गाठ होती. मागावर तुटलेलं सूत सांधायची आमची विणकरांची बारीक गाठ. तिच्या बरोबर खालून चाकांचा ताजा ओरखडा गेलेला.

"धागा तुम्हारा, गाँठ भी तुम्हारा," साहेब म्हणाला. किल्ली त्याच्याच खिशात होती म्हणून जेल टळली, पण अण्णाची नोकरी गेली. आमचा पुरावा आमच्याच गळ्याशी आला.

घरी येताना अण्णा म्हणाला, "धागा आधीच सांधलेला हुता व्हय गं? घाईत तुला कळलं नसंल."

"न्हाय रं अण्णा, देवाशपथ!"

तो पुढं चालत राहिला.

आता माग पुन्हा सुरू झालेत. मी सूत सांधायला बसले की अण्णा माझ्या बोटांकडं बघत राहतो. लई राग येतो मला, आणि रडूही येतं. बंद रिंकमध्ये कुणी तो धागा तोडला, कुणी सांधला… माझ्याकडं आजही उत्तर नाही. अण्णाकडं मात्र आहे — गाठ माझीच, आधीचीच.