साडेसात हजारांवरची थरथर

आमच्या इंजिन कारखान्यात एक टेस्टर होता. त्याला सगळे कानसाहेब म्हणत. साहेब तो कधीच नव्हता, माझ्यासारखाच कामगार. मी फिटर. मी इंजिन जुळवायचं आणि त्याने ते काचेच्या खोलीत चालवून पास-नापास करायचं, असं चौतीस वर्षं चाललं. माझी इंजिनं त्याने नापास केली, तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या. मग उघडून पाहिलं, की दरवेळी त्याचंच बरोबर निघायचं.

टेस्टर व्हायला एक परीक्षा असे. ती कंपनीची नव्हती, टेस्टर लोकांनीच पाडलेली पद्धत. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं हे दाखवणारा काटा असतो, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून आकडा सांगायचा. दुसऱ्याने काटा बघून खरा आकडा खडूने फरशीवर लिहायचा. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. शेवटी परीक्षा देणाऱ्याने स्वतःच वळून वाचायचं. जो पास होई तो आपल्या मीटरच्या काचेवर काळी पट्टी चिकटवी. काटा बघावा लागतो तो टेस्टर कसला, असा त्यांचा तोरा.

कानसाहेबाने पट्टी लावली ती पंचविसाव्या वर्षी. सुरक्षा विभागाचा माणूस कानात घालायचे बोळे वाटून जाई. हा ते खिशात टाकी. "बोळे घालून ऐकू? मग तू डोळ्यांवर रुमाल बांधून तुझा अहवाल लिही."

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्याची बायको गेली. मुलगी लग्न होऊन लांब, एका दिवसाच्या प्रवासावर. दोन खोल्यांच्या घरात तो आणि हत्यारांची पेटी. तो कुणाकडे जात नसे. मी गेलो तर चहा करी, कप पुढे सरकवी आणि गप्प बसे. पूर्वीही तो बडबड्या नव्हता, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मग त्याने मोटारसायकल घेतली. गोल दिवा, चकचकीत टाकी, दोन बाजूंना दोन लांब सायलेन्सर. आम्ही तरुण असताना रस्त्यावर दिसायची तशीच, पण पेट्रोल मोजून देणारा संगणक आत.

"दिसायला आजोबा आणि पोटात नातू," मी म्हणालो.

"तुझ्यापेक्षा बरं. तू दोन्हीकडून आजोबा."

घरी आणल्याच्या दिवशीच त्याने फेऱ्यांच्या काट्यावर काळी पट्टी लावली.

शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी आहे. काँक्रीट अजून धड आहे, फक्त सांध्यांतून गवत आलंय. तिथला राखणदार आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेला, तो फाटक उघडून देतो. दर रविवारी सकाळी कानसाहेब तिथे गाडी पळवी. दीडशे, कधी एकशे साठ. मुलीने फोनवर खूप आरडाओरडा केला होता. तेव्हा त्याने तिला शब्द दिला होता, "ज्या दिवशी माझा कान चुकेल, त्या दिवशी किल्ली तुझ्याकडे." त्याचं म्हणणं सरळ होतं. दीडशेच्या वेगात काट्याकडे नजर टाकायला अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात गाडी वीस मीटर पुढे गेलेली असते. नजर रस्त्यावरच हवी. गिअर कधी टाकायचा हे कानाने सांगायला हवं.

गेल्या वर्षी गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. जोरात पळवली की अचानक अडखळायची. खट-खट करून ओढ तुटायची, हँडल थरथरायचं, वरचा गिअर टाकला की पुन्हा सुरळीत. तो तीनदा सर्व्हिस सेंटरला गेला. तिथला मेकॅनिक मधल्या वयाचा, शांत माणूस. त्याने वायर लावून लॅपटॉपवर पाहिलं आणि सांगितलं, "काका, गाडीत दोष नाही. तुम्ही लिमिटरला धडकताय."

लिमिटर म्हणजे राखणदारच. इंजिन ठरल्यापेक्षा जास्त फिरू लागलं की संगणक ठिणगी तोडतो, फेरे खाली आले की परत देतो. म्हणून ती खट-खट. आमच्या वेळी हे नव्हतं. जास्त फिरवलं की व्हॉल्व्ह वाकायचे आणि माणूस शहाणा व्हायचा. या गाडीचा लिमिटर साडेसात हजारांवर.

"मी सहा हजारांच्या वर नेतच नाही," कानसाहेब मला सांगत होता. "सहाला गिअर टाकतो. आणि हा मला शिकवतोय. त्याला म्हटलं, तुझा जन्म झाला तेव्हा मी हजार इंजिनं पास केली होती."

"मग काय करणार?"

"उघडणार. पुढच्या रविवारी इंजिन उतरवायला ये. तुझी पाठ चालते ना अजून?"

"पाठ चालते. डोकंही चालतं. आधी मला दाखव काय होतं ते."

त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा मला फोन आला. "काका, बाबा माझ्यावर रागावलेत का? फोन उचलत नाहीत. उचलला तर हूं-हूं करतात आणि ठेवतात. मी विचारते एक, ते सांगतात दुसरंच." मी म्हणालो, एकटा माणूस आहे, विसरत असेल. म्हटलं खरं, पण मला ते पटलं नव्हतं. हा माणूस स्क्रूचे आटे मोजून लक्षात ठेवणारा.

रविवारी सकाळी आम्ही धावपट्टीवर गेलो. एकाहत्तराव्या वर्षी मी त्याच्या मागे बसलो, त्याच्या कमरेला धरून. लाज सोडल्याशिवाय असं बसता येत नाही. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, दुसरा टाकला आणि मूठ पिळली.

इंजिन चढत गेलं. पाच हजारांपर्यंत धडधड असते, ती पायाला कळते. त्याच्या वर धडधड सपाट होते आणि टॅपेटचा, साखळीचा बारीक सूर उरतो. सुई घासल्यासारखा. पाचाच्या वर फेऱ्यांचा फरक कळतो तो त्या सुरावरूनच. तो सूर वर गेला, आणखी वर गेला, किंचाळायला लागला. मी वाट पाहत होतो की आता गिअर टाकेल. आता टाकेल. त्याचे खांदे अगदी सैल होते, निवांत बसलेल्या माणसाचे. मग खट-खट सुरू झाली आणि आम्ही दोघं पुढे फेकल्यासारखे झालो. तिसऱ्यात तेच. चौथ्यात तेच, त्याच सुरावर.

टोकाला त्याने गाडी थांबवली आणि हेल्मेट काढलं. "कळलं? पेट्रोल तुटतंय, नाहीतर ठिणगी. पंप किंवा कॉइल."

दोष कधी गरम झाल्यावर येतो, कधी थंडीत येतो, कधी येतच नाही. जो प्रत्येक गिअरमध्ये नेमक्या त्याच जागी येतो तो दोष नसतो. हे त्यानेच मला शिकवलं होतं.

"पट्टी काढ," मी म्हणालो.

"पट्टी निघणार नाही."

"मग परीक्षा दे."

तो हसला. "या वयात?"

"परीक्षेला वय कसलं. इंजिन उतरवायचंय ना माझ्याकडून? पाठ माझी जाणार आहे."

त्याने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, न्यूट्रल केली. मग शेजारी, काट्याकडे पाठ करून उभा राहिला, एक हात मागे मुठीवर. मी पट्टीचा कोपरा उचलला. खडू नव्हता, विटेचा तुकडा घेतला.

"तीन," तो म्हणाला. काटा तीनवर. मी काँक्रीटवर लिहिलं.

"साडेचार." साडेचारच. वाटलं, मीच मूर्ख.

त्याने मूठ आणखी पिळली. "पाच." काटा सव्वापाचवर.

"साडेपाच." काटा सहा हजार आठशेवर होता.

माझा हात थांबला. साडेपाचच लिहिता आलं असतं. विटेचा तुकडा माझ्या हातात, काटा फक्त माझ्या डोळ्यांपुढे. इंजिन उतरवलं असतं, दोन रविवार दोघं मिळून घासपूस केली असती, चहा झाला असता. आणि मग तो पुन्हा दीडशेने गेला असता. मी सहा हजार आठशे लिहिलं.

"सहा," तो म्हणाला, आणि इंजिन खट-खट करायला लागलं. मी साडेसात लिहिलं.

त्याने मूठ सोडली, किल्ली बंद केली, वळला आणि खाली वाचलं. खाली वाकून पुन्हा वाचलं. विटेची भुकटी बोटाने चाचपून पाहिली, जणू आकडा त्यात चुकला असेल.

"काटा बिघडलेला असेल," तो म्हणाला.

"लॅपटॉप पण?"

तो गाडीच्या सावलीत बसला. मीही बसलो. गवतावरून वारा जात होता. त्याला विचारलं, "वरचा सूर येतच नाही?"

"कुठला सूर?"



बोटावरची विटेची भुकटी पुसत तो म्हणाला, "दोन वर्षं झाली. फोनवर मुलगी बोलते आणि मला नुसती फुसफुस येते. वाटलं फोन खराब. बदलला. मग वाटलं तीच हळू बोलते, मनात काही असेल. विचारायचं कसं? विचारलं तर ती मोठ्याने ओरडेल, आणि तेही कळलं नाही तर?"

"तुझा आवाज येतो," तो पुढे म्हणाला. "तुझा घोगरा आहे."

"तिला फोन लाव. शब्द दिलायस तिला किल्लीचा."

"तू बोल. सांग, बाबा रागावलेले नाहीत म्हणून."

"ते मी सांगून काय उपयोग?"

"मला ऐकू येणार नाही रे ती काय म्हणते ते."

"ऐकायचं कुठंय? सांगायचं तर आहे."

त्याने खिशातून फोन काढला. नंबर लावला, कानाला लावला, थोडं थांबला. तिने उचलला की नाही हे त्याला कळलं नाही. फोनमधलं तिचं हॅलो ऐकून मी मान हलवून खूण केली. मग तो बोलायला लागला, अहवाल वाचावा तसा, सरळ आवाजात. कान गेलाय. वरचा भाग गेलाय, खालचा आहे. आजच तपासला. गाडीत दोष नव्हता. तुझ्यावर राग नव्हता. किल्ली घेऊन मी स्वतः येतो, टपालाने पाठवत नाही. गाडी दुसऱ्या किल्लीसकट पुढच्या आठवड्यात त्या मेकॅनिककडे देऊन टाकतो, त्याला मी बोललो ते चुकीचं बोललो.

मुद्दे संपले तरी तो थांबला नाही. पहिल्यापासून तेच पुन्हा सांगू लागला, जरा मोठ्याने. चार पावलांवर बसलेल्या मला फोनमधून तिचं "बाबा, अहो बाबा" स्पष्ट ऐकू येत होतं.