भावी व्याह्यांची फवारणी

तुम्ही आपले म्हणून सांगतो, नाहीतर हा पराक्रम मी कुणाला सांगणार नव्हतो. मुलीचं जमत आलेलं लग्न धोक्यात आणायला बापाला काय लागतं? मला झाडांवर औषध मारायचा पंप पुरला.

टाळेबंदी उठली होती. पनवेलचा बाजार माणसांनी भरून वाहत होता. आमच्या घरात मात्र विलगीकरण चालूच. सरकारने नियम मागे घेतले होते, मी नव्हते घेतले. केळी साबणाने धुवायची, बाहेरून आलेली वस्तू दारातच पंपातल्या सॅनिटायझरने फवारायची, लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस. लिफ्टची ती पाटी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मीच लावली होती, आणि आता ती पाळणारा मी एकटाच उरलो होतो.

अशात मृणालला, माझ्या मुलीला, उरणचं स्थळ आलं. मुलगा बंदरात नोकरीला, घरचा मासळीचा धंदा. फोनवर दोघांचं छान जमलं होतं. बायकोने, म्हणजे सुलभाने, मला बजावलं, "पाहुणे संध्याकाळी येतील. तुम्ही फक्त हसायचं."

सकाळीच बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर मास्क लावलेले एक गृहस्थ, हातात पाणी ठिबकणारी पिशवी.

"पिशवी खाली ठेवा आणि मागे व्हा," मी आतूनच फर्मावलं.

दार उघडून पिशवी फवारली. तेवढ्यात त्यांनी हात जोडले. मला वाटलं, हातांवरही मारून घेतायत. मारलं.

"आता इकडे पाठ करा."

त्यांनी पाठ केली. मी त्यांना मानेपासून टाचेपर्यंत भिजवलं, पिशवी उचलली आणि दार लावलं. इतका शिस्तीचा डिलिव्हरीवाला हल्ली मिळतो कुठे?

सुलभा स्वयंपाकघरात आली तेव्हा मी पापलेटं भांड्यांच्या साबणाने घासत होतो.

"ही कुठून आली?"

"एक जण देऊन गेला."

"आपण मासळी मागवलीच नाहीये."

तिचा फोन वाजला. मुलाची आई बोलत होती. "ताई, पहाटेच बोट लागली. मासळी ताजी द्यावी म्हनून सकालीच निगालो. लिफ्टमदी एकेकानंच जायचं लिवलंय, म्हनून आमचे हे पुढं आले. आमी खाली उभी हाव. वरती कोन दार उघडीत नाय काय?"

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

दार उघडलं. भावी व्याही अजून पाठ करूनच उभे होते. परत वळायला कुणी सांगितलंच नव्हतं ना!

मग काय, सगळे वर आले, मी दहादा माफी मागितली, पोहे झाले, तरी लग्नाचा विषय कुणी काढेना. मृणालचे डोळे भरून आले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अखेर मुलाच्या वडिलांनी ओली मान पुसली.

"पोरगी आमाला पसंत हाय. पन लगीन लवकर करू."

"एवढी घाई?" मी विचारलं.

"साहेब, इतके दिस ही पोर तुमच्यासंगं कोंडून रायली. तिला सोडवाया नको?"

मृणाल खुदकन हसली. "बॅग भरू का?"

"दोन भर," स्वयंपाकघरातून सुलभा म्हणाली.