मुअल्ला हानम श्वास कापतात

“जिवंत माणसाचा आवाज गोल फिरवू नकोस. कान निर्धास्त होतो, मग राखण करत नाही.” अंकाराच्या स्टुडिओत शिकवताना मुअल्ला हानमनी हे बजावलं, तेव्हा ऋजुता गालात हसली होती. हानम म्हणजे आपल्याकडच्या बाई. टेपच्या फिती ब्लेडने कापून, टोकाला टोक चिकटवून, एकच आवाज पुन्हा पुन्हा फिरवत संगीत रचण्यात या तुर्की बाईंचा जन्म गेला. गेल्या हिवाळ्यात त्याही गेल्या.

आणि आज नाशकात, टळटळीत दुपारी, ऋजुता हॉलमधल्या दिवाणावर आडवी झाली आहे. नभा, तिची तान्ही, आतल्या खोलीत साडीच्या झोळीत निजली आहे. झोळीपाशी ठेवलेल्या मोबाइलमधून तिचा श्वास लॅपटॉपवर, तिथून ऋजुताच्या हेडफोनमध्ये येतो. तो ऐकल्याशिवाय हिचा डोळा लागत नाही. आत, बाहेर. आत, बाहेर. पापण्या जड होतात.

दिवाण लांब होत जातो, त्याचं टेबल होतं. स्वयंपाकघराच्या फडताळात डबे नाहीत, टेपची रिळं आहेत. मुअल्ला हानम वॉशिंग मशीनवर पाय हलवत बसल्या आहेत.

“आलीस, कुझुम?”

कुझुम म्हणजे माझं कोकरू. नापास करायच्या आधीही त्या हेच म्हणायच्या.

“बाई, तुम्ही तर गेलात ना?”

“गेले, म्हणून काय ऐकायचं सोडू? श्वास सुरेख आहे. कुणाचा?”

“माझ्या नभाचा.”

“माझ्या सेल्माचाही असाच होता.” त्या ब्लेड बोटावर घासून बघतात. “तापाने फणफणली होती. मी शेजारच्या खोलीत तिचाच श्वास कापत, जोडत बसले. काय जमलं होतं म्हणून सांगू! पुढे बर्लिनमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पोरगी मात्र मी शेवटचा सांधा चिकटवण्याआधीच थांबली होती.”

“हे कधी सांगितलं नाहीत.”

“विचारलंत कधी? तुम्हा विद्यार्थ्यांना मशीनची बटणं हवी होती. धर ही फीत. घट्ट धर, बोट कापलं तर तुझंच.”

ऋजुता धरते. ब्लेड फिरतं. फीत तुटून लोंबते. श्वास चालूच. आत, बाहेर.

“बघ, कापला तरी थांबेना.” हानम खुदकन हसतात. “आई झालीस, एवढं कळू नये? बाळ कधी असा मोजूनमापून श्वास घेतं का गं? मध्ये उसासा नाही, चुळबुळ नाही, शिंक नाही. कधीपासून ऐकते आहेस हे?”

ऋजुता धावते. आतल्या खोलीचं दार उघडतं ते भरलेल्या सभागृहात. लांब, पार टोकाला, मंचावर झोळी टांगलेली आहे. पहिल्या रांगेत सासूबाई शालू नेसून बसल्या आहेत.

“शू! कार्यक्रम चालू असताना मध्ये उठू नये,” त्या दटावतात.

“आई, सोडा! तिला बघू द्या!”

“बस खाली. लोक काय म्हणतील?”

सगळे टाळ्या वाजवू लागतात.

ऋजुताचे डोळे उघडतात. लॅपटॉपवर मोबाइलचा आवाज आणणारं ॲप उघडलेलंच नाही. त्यावर सकाळी तिनेच जुळवलेला, नव्या रचनेसाठीचा नभाचा श्वास गोल गोल फिरतो आहे. ती हेडफोन ओरबाडून काढते.

घरात काहीच ऐकू येत नाही.

झोळीत नभा घसरून दुमडली आहे. तोंडावर साडीचा पदर गच्च बसला आहे. ओठ जांभळे. ऋजुता तिला उपसून काढते, पाठ चोळते, तळवे चापटते, नाव घेऊन किंचाळते. काही नाही. पुन्हा चापटते. मग एक घरघर, एक ठसका, आणि कर्कश, वेडंवाकडं रडू.

नभाच्या पांढऱ्या झबल्यावर रक्ताचे डाग उमटले आहेत. ते नभाचं नाही. ऋजुताच्या अंगठ्यावर ब्लेडने ओढल्यासारखी बारीक, सरळ चीर आहे.

तुमच्याही घरात आत्ता कुणी निजलं असेल. तान्हं असेल, म्हातारं असेल. हे बाजूला ठेवा, उठा आणि आत जाऊन बघा. दारातून नको. जवळ जा, हात लावून बघा.