माहेरचं नाव

डिचोलीच्या बालसंरक्षण कार्यालयात मी बदली कारकून होते. तिथली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेलेली, म्हणून फायली, टायपिंग आणि फोन माझ्याकडे. टेंपररी माणसाने तोंड उघडू नये असा तिथला रिवाज होता. तो मी मोडला, आणि बरंच केलं.

सुर्ल्याहून सहा-सात वर्षांची एक मुलगी आली होती. बाप खनिजाच्या ट्रकवर होता, तो अपघातात गेला. आई आधीच वारलेली. मोरजीला मावशी आहे, एवढंच ती सांगायची. मावशीचं नावही सांगायची. सोमवारपर्यंत मावशी सापडली नाही, तर बालकल्याण समिती तिला बालगृहात पाठवणार होती.

आमचे समाजसेवक वास्कोचे, भला माणूस. दोनदा मोरजी पालथी घालून हात हलवत परत आले.

"त्या नावाची बाईच नाही तिथे. पोर मनचंच सांगते."

माझं डोकंच फिरलं. "सर, तुम्ही मला हाक मारता ते नाव सासरचं. माहेरच्या नावाने डिचोलीत शोधलंत, तर मीसुद्धा सापडणार नाही!"

आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात. जुनं माहेरीच राहतं. मुलीला ठाऊक होतं ते हे जुनं, तिची आई बहिणीला ज्या नावाने हाक मारायची ते.

मी मुलीला जवळ घेतलं. "बाय, तुजां आजोळ खंय?"

"आरोंद्याक."

"झालं तर," मी सरांना म्हटलं. "आता नाव विचारूच नका. पदेराला विचारा, आरोंद्याहून आलेली सून कुठल्या घरात आहे. तो रोज दारोदार पाव घालतो."

सोमवारी मावशी आली, रडून डोळे सुजलेली. बहीण गेल्यापासून येणंजाणं तुटलं होतं. भावोजी गेल्याचं तिला कोणी कळवलंच नव्हतं.

समितीच्या बाईंनी नाव विचारलं. तिने सासरचं सांगितलं. मुलीने माझा हात घट्ट धरला आणि ती माझ्या मागे सरकली. तिला हवी होती ती ही बाई नव्हतीच.

माझ्याने राहवेना. "आणि माहेरचं?" मी मध्येच विचारलं.

मावशी माझ्याकडे वळली. कितीतरी वर्षांत तिला हे कोणी विचारलं नसावं. मग तिने ते हळूच सांगितलं.

मुलीने माझा हात सोडला.