काचेआडचा फॉर्म

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात माणसं चारशे होती आणि कायदा वाचणारा एकच, कार्मिक विभागातला कारकून. बोलण्यात एखादं कलम आणल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे, म्हणून सगळे त्यांना कलमकाका म्हणत. "चहा घेणार का?" विचारलं तरी "नियमात बसतंय, घेऊ" असं उत्तर येई.

कामगारांचा आरोग्य विमा कंपनी उतरवत असे आणि त्याचा कायदा दोन वर्षं सरड्यासारखा रंग बदलत होता. आधी कामगारांचे आईवडील विम्यात आले. सहा महिन्यांनी ठरलं की आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी. त्या आठवड्यात कारखान्यात पंप कमी आणि घराघरांत भांडणं जास्त झाली. वेल्डर तर म्हणाला, "काका, सासूबाईंनाच घाला. आईला समजावता येईल, बायकोला नाही." आता तिसरा नियम आला होता. घरातल्या प्रत्येकाचं नाव नव्या फॉर्मवर पुन्हा लिहून महिनाअखेरीपर्यंत द्यायचं, नाहीतर नाव बाद.

अशा वेळी काकांच्या अंगावर मूठभर मांस चढे. त्यांची एक पद्धत होती. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं म्हणून पहिला फॉर्म त्यांनी स्वतःचाच भरला, मोत्यासारख्या अक्षरात. स्वतःचं नाव, बायकोचं नाव, तिची जन्मतारीख. वर लाल शाईने "असा भरावा" लिहून तो सूचनाफलकाच्या काचेआड टाचला आणि कुलूप घातलं.

कामगारांनी बघून भरला, आणि अगदी तसाच भरला. सतरा जणांनी बायकोच्या रकान्यात काकांच्याच बायकोचं नाव आणि जन्मतारीख उतरवली. वर "तुम्हीच लिहिलंय ना, असा भरावा!" असं ऐकवलं. काकांनी कपाळाला हात लावला, एकेकाला बोलावून दुरुस्त्या करून घेतल्या आणि मुदतीच्या एक दिवस आधी गठ्ठा विमा कंपनीकडे रवाना केला.

घरी येऊन म्हणाले, "चारशे फॉर्म गेले, एक चूक नाही!"

"माझ्या गुडघ्याचं झालं ना त्यात?" बायकोने विचारलं. दोन वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरून जिना बसून, एकेक पायरी सरकत उतरत होती. गुडघा बदलायची तारीख मिळाली होती आणि विम्याशिवाय तो खर्च झेपण्यातला नव्हता.

"अगं, पहिला फॉर्म तुझाच भरला."

ऑपरेशनला आठवडा उरला तेव्हा दोघं रुग्णालयात विम्याच्या खिडकीवर गेली. आतल्या मुलीने बराच वेळ संगणकात पाहिलं.

"काका, तुमच्या नावापुढे कुणीच नाही. काकूंचं नाव आहे, पण त्यांचे पती वेल्डर आहेत ना?"

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

सतरांपैकी एक दुरुस्ती राहून गेली होती.

"त्या वेल्डरना घेऊन या," मुलगी म्हणाली. "त्यांनी सही केली की काम होईल."

"बघा बाई," बायको म्हणाली, "गुडघा बदलायचाच आहे, तर नवराही बदलून टाकू. दोघंही कुरकुरतात."

"खोटी माहिती देणं गुन्हा आहे!" काका ओरडले, पण आवाज चिरकला. त्यांचा फॉर्म अजून काचेआडच होता, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं होतं. लाजेने त्यांना बायकोकडे बघवेना. ती मात्र खुर्चीला धरून हळूहळू उठत होती, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

तडक कारखान्यात जाऊन त्यांनी सगळा कायदा पुन्हा पालथा घातला. शेवटच्या पानावर एक पोटनियम सापडला. चूक मालकाच्या कार्यालयाची असेल तर मुदतीनंतर तीस दिवसांत नाव घालता येईल. मात्र ज्याने चूक केली त्याने तसं स्वतः लिहून द्यायचं. बावीस दिवस उलटून गेले होते.

आता खरी पंचाईत झाली. अठ्ठावीस वर्षांत काकांनी चुकीची कबुली इतरांकडून ढिगाने लिहून घेतली होती, स्वतः एकदाही दिली नव्हती. घरी तर दूध उतू गेलं तरी दोष पातेल्याचा असे. त्यांनी लिहिलं, "फॉर्म काचेआड राहण्याचा प्रसंग उद्भवला." कारखान्याच्या साहेबांनी कागद परत केला. "उद्भवला कुणामुळे?" दुसऱ्या कागदात दोष कुलपावर गेला, तिसऱ्यात वेल्डरवर. वेल्डर टेबलाशीच उभा होता. "काका, काय ते लवकर लिहा. आपण विम्यात नाही हे माझ्या बायकोला कळलं, तर रुग्णालयात मलाच न्यावं लागेल."

चौथ्या कागदावर काकांनी एकही कलम घातलं नाही. "चूक माझी आहे. सगळ्यांचे फॉर्म पाठवले आणि स्वतःचा विसरलो. वेल्डरचा तपासायचाही राहिला. माझ्या बायकोचा यात काही दोष नाही, तिला फार दुखतं." खाली सही केली. मंजुरी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आली.

तीन महिन्यांनी बायको उभ्याने जिना उतरली आणि एकटीच बाहेर गेली. काका खिडकीतून बघत राहिले. तासाभराने ती परतली ती काखेत एक काचेची चौकट घेऊन. रुग्णालयाच्या फाइलमधून तिने काकांच्या त्या चौथ्या कागदाची प्रत केव्हाच काढून घेतली होती. चौकट तिने स्वयंपाकघरात, काकांच्या खुर्चीसमोर टांगली. आतल्या कागदावर तिच्या अक्षरात, लाल शाईने लिहिलं होतं, "असं लिहावं."