माणसाळणं

मामांना शिक्रा पाळायचा नाद होता. त्यांनी माळावर एक जिवंत चिमणी दोऱ्याने बांधून ठेवली होती आणि तिच्यापुढे दोन काठ्यांवर बारीक जाळं ताणलं होतं. शिक्रा झेपावला तो जाळ्यासकट तिच्यावर कोसळला. आम्ही धावत पोचलो तेव्हा त्याचे पंख पुरते गुरफटले होते, तरी चिमणी पंजातून सुटली नव्हती. ती जिवंत असतानाच तो तिची मान सोलत होता.

"यंदाचंच पिल्लू हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी त्याला फडक्यात आवळलं. त्याची नखं त्यांच्या अंगठ्यात खोल रुतली. तशाच रक्ताळलेल्या हाताने त्यांनी सुई ओवली आणि त्याच्या पापण्या शिवून टाकल्या.

"दिसायचं बंद झालं की हातावर मुकाट खातंय. मग टाका सैल करायचा. हळूहळू माणसाळतंय बघ."

माणसाळणं हा शब्द मला फार मायेचा वाटायचा. रानातलं पाखरू भीती विसरून आपणहून जवळ येतं, असं काहीतरी. त्या शब्दात सुई असेल असं कधी वाटलं नव्हतं. शिक्र्याने चिमणी फाडली ती भुकेपोटी, आणि त्याला त्याने कुठलं मायेचं नाव दिलं नव्हतं.

आंधळं पिल्लू फडक्यात थरथरत होतं. मामा त्याला छातीशी धरून हलक्या आवाजात म्हणत होते, "झालं हं, झालं."

माझ्या मुलीचे कान टोचताना तिचे हात घट्ट धरून मीही हेच म्हणालो होतो.